हिरवा दिवा कुणाच्या डोक्यावर?

पुण्याहून सोलापूरमार्गे हैदराबादकडे जाणारा ६५ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आणि बिदरहून कलबुर्गीकडे उतरणारा ५० क्रमांकाचा महामार्ग हुमनाबादला एकमेकांना छेदतात. रात्री उसाची ट्रॉली मागच्या दिव्याविना उभी असते, दुचाकीवर तिघे असतात आणि हेल्मेट घरी खुंटीला असतं. हुमनाबाद, चिटगुप्पा, निर्णा या पट्ट्यातल्या कुठल्याही दवाखान्यात अशा धडकेतून आलेला रुग्ण ओळखीचा आहे. डोक्याला मार लागलाय, बोलतोय, चालतोय, एकदा उलटी झालीय. कवटीच्या आत रक्त साचत असेल तर हातात थोडे तास आहेत; नसेल तर रात्रभर नजरेखाली ठेवलं की भागतं. नक्की काय ते सीटी स्कॅनच सांगणार, आणि निर्ण्यासारख्या गावातून त्यासाठी बिदर नाही तर कलबुर्गी गाठायचं म्हटलं की गाडी कुणाची, सोबत कोण, पैसे कुठून, इथपासून सुरुवात होते.

अशा ठिकाणी हातात मावणारं एखादं यंत्र डोक्याला टेकवून मिनिटभरात कल सांगणार असेल तर ते कुणाला नको आहे? अशी यंत्रं आहेत. अमेरिकेत इन्फ्रास्कॅनरला २०११ मध्ये मान्यता मिळाली. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, भोपाळचं एम्स, बेंगळुरूचं निम्हान्स आणि बायोस्कॅन रिसर्च यांच्या सहभागातून तयार झालेल्या 'सेरेबो' या यंत्राची २०२५ मध्ये बरीच चर्चा झाली. दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: डोळ्याला जेमतेम दिसणारा किंवा न दिसणारा निअर-इन्फ्रारेड उजेड कवटीतून आत सोडायचा, परत येणारा मोजायचा. याच उजेडावर मेंदूचं काम चालू असताना रक्तातला प्राणवायू कसा बदलतो ते पाहणारी मोठी यंत्रंही चालतात. त्यांना संशोधक 'एफनिर्स' म्हणतात.

या यंत्रांच्या निकालांवर भरपूर लिहिलं जातं. मला इथे त्याच्या आधीचा प्रश्न तपासायचा आहे. परत आलेला उजेड विश्वास ठेवण्याजोगा आहे हे कसं ओळखतात, आणि ती ओळखण्याची पद्धत आपल्या डोक्यांवर, म्हणजे दाट काळ्या, तेल लावलेल्या केसांच्या डोक्यांवर, कितपत चालते? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे इथे शब्दशः खरं आहे. फरक इतकाच, की या यंत्रांत आड कोरडा असला तरी पोहऱ्यात काहीतरी येतंच, आणि ते पाण्यासारखं दिसतं.

इतिहास थोडक्यात उरकतो. ड्यूक विद्यापीठातल्या फ्रान्स योब्सिस यांनी १९७७ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात दाखवून दिलं की साधारण ६५० ते ९५० नॅनोमीटरच्या पट्ट्यातला उजेड शरीरात बराच खोल जातो, कारण पाणी आणि रक्त दोन्ही तो तुलनेनं कमी शोषतात. प्राणवायू असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन हा उजेड वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं, म्हणून ७६० आणि ८५० च्या आसपासच्या दोन तरंगलांबी वापरल्या की दोघांचा हिशेब वेगळा मांडता येतो. १९९३ मध्ये जपान, जर्मनी आणि अमेरिकेतल्या गटांनी जवळपास एकाच वेळी, माणूस विचार करत असताना कपाळामागे होणारा बदल या पद्धतीनं टिपला. तिथून पुढे ही एक स्वतंत्र विद्याशाखाच झाली.

अडचण मापांची आहे. मोठ्या माणसाच्या डोक्यावर उजेड सोडणारं टोक आणि टिपणारं टोक यांत सुमारे तीन सेंटिमीटर अंतर ठेवतात. त्याहून कमी ठेवलं तर उजेड कातडी आणि हाडातूनच फिरून येतो. जास्त ठेवलं तर येतच नाही म्हटलं तरी चालेल. तीन सेंटिमीटरवरसुद्धा सोडलेल्या उजेडाचे कोट्यवधी कण गेले तर एखादा परततो. त्यात मेंदूच्या कामामुळे होणारा बदल शेकडा एखाद्या टक्क्याच्या घरातला. इतक्या बारीक बदलावर निष्कर्ष काढायचा, आणि मधे केसांचं जंगल.

केसांचा अडथळा कातडीच्या रंगापेक्षा मोठा आहे, हे बाहेरच्या माणसाला पटकन पटत नाही. मेलॅनिन हे रंगद्रव्य निअर-इन्फ्रारेडमध्ये कमी शोषतं, पण शोषतंच. आणि केसांत ते दाटीनं भरलेलं असतं. टिपणाऱ्या टोकाखाली केसांची एक बट अडकली तरी तो चॅनेल, म्हणजे सोडणाऱ्या-टिपणाऱ्या टोकांची ती जोडी, मेला. म्हणून ही टोकं धरणारी भोकाभोकांची टोपी बसवताना संशोधक कंगव्याच्या मागच्या टोकदार दांडीनं किंवा कापसाच्या काडीनं एकेका भोकातून केस बाजूला सारतात, टाळूची पांढुरकी कातडी दिसली की थेंबभर जेल सोडतात आणि मग टोक दाबून बसवतात. चाळीस टोकं असली तर हे चाळीस वेळा. केस पातळ असतील तर काम झटपट होतं. घट्ट वेणी, अंबाडा किंवा कुरळे केस असतील तर बसणाऱ्याचीही परीक्षा आणि बसवणाऱ्याचीही. टेक्सासमधल्या एका गटानं २०१२ मध्ये ब्रशासारखी, केसांच्या मधून घुसणारी टोकं करून पाहिली आणि दाट केसांवर सिग्नल सुधारला. कल्पना चांगली आहे, तरी बहुतेक टोप्यांची टोकं अजून सपाटच असतात.

आपल्या भागात यात आणखी भर पडते. बसवकल्याणच्या शरणांच्या या मुलखात कपाळावर विभूतीचे पट्टे असतात, वारकऱ्याच्या कपाळी काळा बुक्का असतो, तान्ह्या बाळाला दृष्ट लागू नये म्हणून काजळाचा टिळा असतो. काजळ म्हणजे काजळीच, आणि काजळी जवळजवळ सगळा उजेड गिळते. कपाळ ही या यंत्रांची सगळ्यात आवडती जागा, कारण तिथे केस नसतात. तिथलाच टिळा. बाळाची टाळू भरायची असते, तिच्यावर तेल चोपडलेलं असतं; त्यावरून टोक घसरतं आणि प्रत्येक हालचालीला सिग्नल उडी मारतो. जावळ काढलेलं असेल तर काम सोपं, नसेल तर नाही. यातलं काहीही असाध्य नाही. ओलं फडकं, थोडा वेळ आणि आजीला विचारून पुसलेला टिळा एवढ्यात भागतं. पण हे करायचं असतं हे यंत्रासोबत आलेल्या पुस्तिकेत लिहिलेलं नसतं.

आता मोजणीकडे येऊ. टोपी बसली, पडद्यावर रेघा धावू लागल्या. चांगला सिग्नल कोणता? पहिली कसोटी जुनी आणि साधी आहे. रेघेत नाडी दिसते का? हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला टाळूतलं रक्त वाढतं, उजेड किंचित कमी होतो, आणि रेघेवर सेकंदाला एक-दीड दात उमटतो. नाडी दिसली म्हणजे उजेड निदान जिवंत कातडीतून फिरून आलाय. अनुभवी माणूस हे नजरेनं ओळखतो. हेच यंत्राकडून करवून घेण्यासाठी ह्यूस्टनच्या लुका पोलोनिनी यांनी सहकाऱ्यांसह २०१४ मध्ये एक निर्देशांक मांडला. दोन्ही तरंगलांबींच्या रेघांतून नाडीच्या पट्ट्यातला भाग गाळून घ्यायचा आणि दोघी किती बरोबरीनं वरखाली होतात ते पाहायचं. पूर्ण साथ असेल तर १. त्यांनी ०.७५ ची रेघ आखली. पुढे अनेकांनी ०.८ घेतली. त्याखालचा चॅनेल लाल, वरचा हिरवा. शेजारी आणखी एक जुना आकडा वापरतात, सरासरी उजेडाच्या तुलनेत रेघ किती हेलकावते त्याची टक्केवारी. कुणी साडेसात टक्क्यांवर चॅनेल टाकून देतं, कुणी पंधरा टक्क्यांपर्यंत चालवून घेतं.

हे आकडे उपयोगी आहेत, पण ते काय सांगतात आणि काय नाही हे वापरणाऱ्याला ठाऊक हवं. माणूस हलला की दोन्ही रेघा एकदम उडतात, म्हणजे त्यांची साथ उत्तम, निर्देशांक फसतो. म्हणून पुढे त्याला जोड दिली गेली ती नाडीच्या लयीचं बळ मोजणाऱ्या दुसऱ्या आकड्याची. तान्ह्या बाळाची नाडी मिनिटाला १२०-१४० असते, म्हणजे सेकंदाला दोनाहून जास्त. मोठ्यांसाठी ठरवलेला पट्टा तसाच ठेवला तर बाळाची नाडी काठावर सापडते, रडताना तर निसटतेच, आणि चांगला चॅनेल लाल दिसतो. यंत्र सेकंदाला तीन-चारच नोंदी घेत असेल तर बाळाची नाडी त्यात नीट उमटणारच नाही.

सगळ्यात फसवा चॅनेल मात्र कमजोर नसतो, भरभक्कम असतो. टोक कातडीवरून थोडं उचललं गेलं, किंवा जेल दोन टोकांच्या मधे पसरलं, तर उजेड डोक्यात न जाता वरच्यावरच टिपणाऱ्या टोकात शिरतो. आकडा झकास, रेघ सरळ, गोंगाट नाही. आणि नाडीही नाही. हिरवा दिवा केवळ उजेडाच्या प्रमाणावर लावणारं यंत्र याला शाबासकी देतं. दुसरीकडे टक्कल पडलेलं डोकं किंवा पातळ कवटीचं बाळ असतं. तिथे इतका उजेड परततो की डिटेक्टर भरून जातो आणि रेघेचे शेंडे छाटले जातात.

खोलीचंही पाहावं लागतं. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा मिणमिणते. खिडकीतून येणारं ऊन तर निअर-इन्फ्रारेडनं भरलेलं. सगळे दिवे बंद करून, यंत्राचा उजेडही बंद ठेवून आधी नुसता अंधार मोजायचा, मग टोपीवर काळं कापड घालून पुन्हा मोजायचं, ही पाच मिनिटांची तपासणी. वैशाखात पंखा बंद, खिडकी बंद आणि डोक्यावर काळं कापड हे बिदर-कलबुर्गीकडे कुणी किती वेळ सोसेल, हा प्रश्न अर्थात युरोपातल्या नियमावलीत येत नाही. घाम आला की टोक पुन्हा घसरतं, ते वेगळंच.

इथपर्यंत झाला तो एक प्रश्न: उजेड आत गेला का. दुसरा अधिक अवघड. परत आलेल्या उजेडातला बदल मेंदूचा आहे का? नाडी टाळूतही असते. म्हणजे वरच्या सगळ्या कसोट्या उत्तम पार करणारा चॅनेल निव्वळ कातडीचं रक्त मोजत असू शकतो. जपानमध्ये हा प्रश्न कागदावरचा राहिला नाही. तिथे नैराश्याच्या लक्षणांमागचा आजार कोणता, हे ओळखायला मदत म्हणून याच उजेडाच्या ('निर्स') तपासणीला २००९ मध्ये प्रगत वैद्यकाचा दर्जा मिळाला आणि २०१४ मध्ये ती सरकारी विम्यात आली. रुग्णानं एका अक्षरापासून सुरू होणारे शब्द भराभर सांगायचे आणि यंत्रानं कपाळामागचं रक्त मोजायचं, अशी ती तपासणी. त्याच देशातल्या ताकाहाशी आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं की या खेळात कपाळावर दिसणाऱ्या बदलाचा मोठा हिस्सा कातडीतल्या रक्ताचा असतो. शब्द आठवताना माणूस ताणात येतो, कपाळ तापतं, बोलताना जबड्याचे स्नायू हलतात, श्वासाची लय बदलते. हे सगळं उजेडात उमटतं.

यावरचा आजवरचा सगळ्यात प्रामाणिक उपाय म्हणजे तीन सेंटिमीटरच्या जोडीशेजारी आठ मिलिमीटर अंतराची एक छोटी जोडी ठेवणं. छोट्या जोडीचा उजेड मेंदूपर्यंत जातच नाही; ती फक्त कातडीचं गाऱ्हाणं ऐकते. मोठ्यातून छोटं वजा केलं की उरतं त्यात मेंदूचा वाटा अधिक. माझ्या मते छोटी जोडी नसलेल्या यंत्रावरून मोठ्या माणसाच्या कपाळाविषयी काही ठाम सांगणं आता थांबायला हवं. जुनी यंत्रं पडून आहेत म्हणून ते चालू राहतं. जाता जाता: शब्द सांगायची ती चाचणी सीमाभागात घ्यायची तर कोणत्या भाषेत? घरी मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी बोलणाऱ्या माणसाला एका भाषेत कोंडलं, तर आठवण्याची धडपड मेंदूची की मास्तरांची भीती, हे कुठलाही प्रकाशीय निर्देशांक सांगणार नाही.

हालचालींच्या धक्क्यांवर गेल्या पंधरा वर्षांत गणिती उपायांची रांग लागली आहे. त्यांच्या तपशिलात मी शिरत नाही. एवढंच नोंदवतो, की साब्रीना ब्रिगादोई यांनी २०१४ मध्ये वेगवेगळ्या पद्धती खऱ्या नोंदींवर घासून पाहिल्या, तेव्हा धक्का लागलेला तुकडा फेकून देण्यापेक्षा दुरुस्त करणं बहुधा सरस ठरलं. लहान मुलांच्या आणि थरथरणाऱ्या म्हाताऱ्यांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे, कारण फेकण्याचा नियम लावला तर त्यांचं काही उरतच नाही.

या सगळ्यावर एकवाक्यता आहे का? २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या सहयोगी प्रकल्पात ३८ गटांना एकाच नोंदी दिल्या आणि आपापल्या पद्धतीनं निष्कर्ष काढायला सांगितले. ज्या गोष्टी आधीपासून भक्कम माहीत होत्या, त्यांच्यावर समूहाच्या पातळीवर सुमारे ८० टक्के गटांचं जमलं. एकेका माणसाविषयी सांगायची वेळ आली तेव्हा मतं फाकली. फाकण्याच्या मुख्य कारणांत एक होतं, खराब चॅनेलचं काय करायचं हा निर्णय. म्हणजे ०.७५ की ०.८ हा काथ्याकूट वाटतो तितका किरकोळ नाही. आणि दवाखान्यात तर नेहमी एकच माणूस समोर असतो.

आता मूळ मुद्दा. लाल चॅनेल टाकून दिला, पुरेसे चॅनेल उरले नाहीत म्हणून माणूसच अभ्यासातून वगळला, हे रोजचं आहे. वगळला जातो तो बहुधा कोण? जास्मिन क्वासा आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये या क्षेत्रातले शोधनिबंध चाळले, तेव्हा सहभागी लोकांची कातडी, केस यांची नोंदच बहुतेकांनी केलेली नव्हती. दर्जाची चाळणी निष्पक्ष दिसते, पण तिची भोकं सोनेरी पातळ केसांच्या मापानं पाडलेली आहेत. बॉस्टनच्या मेर्येम यूजेल यांच्या गटानं २०२५ मध्ये ११५ जणांच्या डोक्यांवर केसांचा रंग, जाडी, दाटी आणि कातडीचा रंग यांचा परिणाम वेगवेगळा मोजून दाखवला. उशिरा का होईना, हिशेब सुरू झाला. बोटाला लावायच्या पल्स ऑक्सिमीटरची गोष्ट इथे आठवते. काळ्या कातडीवर तो चुकतो, असं १९९० मध्येच लिहून झालं होतं. कोविडमध्ये, २०२० साली, अमेरिकेतल्या नोंदींतून दिसलं की यंत्र ठीक सांगत असताना रक्तातला प्राणवायू खरोखर घसरलेला असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के, तर गोऱ्यांत ३.६ टक्के. मधली तीस वर्षं कुणाला त्याची निकड वाटली नाही.

गरीब देशांत ही यंत्रं नेलीच गेली नाहीत असं नाही. गांबियातल्या केनेबा गावात २०१२-१३ पासून तान्ह्या मुलांवर एफनिर्सचा अभ्यास झाला. भारतात उत्तर प्रदेशातल्या शिवगडला सोबनावार्तिनी विजयकुमार आणि जॉन स्पेन्सर यांच्या गटानं लहानग्यांची दृश्य स्मृती मोजली आणि २०१९ मध्ये लिहिलं, की कमी उत्पन्न आणि आईचं कमी शिक्षण असलेल्या घरांतल्या मुलांत मेंदूचा प्रतिसाद क्षीण दिसतो. हे काम मोलाचं आहे. पण अशा प्रत्येक निष्कर्षाला एक आडवा प्रश्न विचारावाच लागतो. केसांमुळे उजेड ठरावीक प्रमाणात घटला तर गणितात ती घट कटते, मात्र गोंगाट वाढतो. आणि टोकांच्या मधून उजेड गळला तर मेंदूचा खरा बदल लहान होऊन दिसतो. म्हणजे टोपी नीट न बसलेलं मूल आणि क्षीण प्रतिसादाचं मूल कागदावर एकसारखं दिसू शकतं. शिवगडला तसं झालं असं मी म्हणत नाही. पुढे कुणी अशी टोपी घेऊन बिदर जिल्ह्यात आलं, तर दोन गटांच्या मुलांतला फरक छापण्याआधी दोन गटांच्या सिग्नलच्या दर्जातला फरक छापावा, एवढं म्हणतो.

चांगला सिग्नल म्हणजे खरा अर्थ, अशी झेप घेण्याची सवय आपल्याला नवी नाही. पुण्यातल्या सत्र न्यायालयानं २००८ मध्ये एका खून खटल्यात मेंदूच्या विद्युतलहरींवर आधारित चाचणी पुराव्यात धरली. तंत्र वेगळं होतं, उजेडाचं नव्हे. निम्हान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीनं ते शास्त्रीय कसोटीला उतरत नसल्याचं सांगितलं, आणि मे २०१० मध्ये सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयानं संमतीशिवाय अशा चाचण्या करायला मनाई केली. लहरी स्वच्छ उमटल्या होत्या की नाही, हा त्या वादातला मुद्दाच नव्हता.

हातातल्या रक्तस्राव शोधणाऱ्या यंत्राकडे परत येतो, कारण निर्ण्यात पहिलं येईल ते तेच. इन्फ्रास्कॅनर ८०८ नॅनोमीटरचा एकच उजेड वापरतो आणि डोक्याच्या डाव्या-उजव्या बाजूंच्या समोरासमोरच्या जागांची तुलना करतो. जिकडे साचलेलं रक्त, तिकडून उजेड कमी. २०१० च्या बहुकेंद्री चाचणीत साडेतीन मिलिलिटरहून मोठे आणि पृष्ठभागापासून अडीच सेंटिमीटरच्या आतले ८८ टक्के रक्तस्राव त्यानं पकडले. सगळे रक्तस्राव धरले तर प्रमाण ६९ टक्क्यांच्या आसपास उतरलं. इथे नाडीच्या साथीचा तो निर्देशांक लावता येत नाही, कारण दोन तरंगलांबींची साथ पाहायला दुसरी तरंगलांबीच नाही. मग दर्जा पाहायचा कसा? पुन्हा मोजून. केस सारून, टोक बदलून, त्याच जोडीवर दोन-तीनदा. आणि मार लागलेल्या डोक्यावर टेंगूळ असतं, केसांत रक्त सुकलेलं असतं. टेंगळातलं रक्तही उजेड गिळतं आणि यंत्राला ते कवटीच्या आतलं वाटू शकतं. दोन्ही बाजूंना सारखं रक्त साचलं असेल तर फरकच दिसत नाही.

यंत्र तपासायला प्रत्येक वेळी माणूसच लागतो असंही नाही. दवाखान्यात सलाईनसारखं शिरेतून देतात ते इंट्रालिपिड हे पांढरं स्निग्ध द्रावण आणि काळी शाई ठरावीक प्रमाणात मिसळली की डोक्यासारखं वागणारा खोटा नमुना तयार होतो. यंत्र रोज त्यावर टेकवून कालचा आकडा आजही येतो का ते पाहायचं. एफनिर्स यंत्रांसाठी २०१५ पासून आंतरराष्ट्रीय मानकही आहे, त्यातही अशा नमुन्यांवरची चाचणी आहे. सरकारी खरेदीच्या निविदेत या मानकाचा क्रमांक येईल, कारण क्रमांक घालणं सोपं असतं. न येणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत: यंत्रासोबत नमुना-डबी द्या, पडद्यावर निकालाआधी कच्ची रेघ दाखवा, 'रक्तस्राव आहे' आणि 'नाही' यांच्या जोडीला 'मोजता आलं नाही' हे तिसरं उत्तर ठेवा. तिसरं उत्तर आलं तर रुग्णाला सरळ बिदरला पाठवायचं, हिरव्या दिव्याची वाट पाहायची नाही, हे रात्रपाळीच्या परिचारिकेला मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून द्या. आणि या भागात चाचणी घेतलीत तर किती डोक्यांवर यंत्राला काहीच वाचता आलं नाही आणि ती कुणाची होती, हा तक्ता अहवालाच्या पहिल्या पानावर छापा.